श्रावणातले बाळंतपण: सुईण की आरोग्य केंद्र?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)
माझ्या वहिनीला सातवा महिना असून तारीख ऐन श्रावणात येते, आणि नाल्याला पूर आला की आमच्या गावाचा रस्ता बंद पडतो. आई म्हणते की आम्हा तिन्ही भावंडांच्या वेळी जचकी गावातल्या सुईणीनेच केली आणि काही बिघडले नाही. उपकेंद्राच्या नर्सबाई मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातच या, असा आग्रह धरतात. सुईणीला जमणार नाही असे तिथे नेमके काय होते?

उत्तर (निवृत्त आरोग्यसेविका, गडचिरोली जिल्हा)
ताई, बहुतेक बाळंतपणे सरळ होतात, त्यामुळे तुमच्या आईंचा अनुभव खोटा नाही. परंतु कोणते अडेल हे आधी सांगता येत नाही, आणि त्या अडण्याची चाहूल वेळेत घेणे हेच प्रशिक्षित प्रसविकेचे खरे काम आहे. कळा जोर धरू लागल्या की ती दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकते, दर चार तासांनी गर्भपिशवीचे तोंड किती उघडले ते पाहून पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण किती पुढे सरकले हे दाखवणाऱ्या आलेखावर, मांडते, आणि रेघ पुढे सरकत नाही असे दिसताच बाईला वरच्या रुग्णालयात पाठवते. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाभरात मांडीत ऑक्सिटोसिनचे 10 युनिटचे इंजेक्शन दिले जाते, त्याने गर्भपिशवी आकसते. ती सैल राहिली तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत रक्तस्रावाने दगावू शकते. हेच औषध कळा वाढवण्यासाठी कोणी घरी, बाळ होण्याआधी टोचत असेल तर कृपया थांबवा. त्याने गर्भपिशवी फाटू शकते.

उत्तर (धारणी, मेळघाट)
पुराचा विचार आजच करा. आमच्याकडे कळा सुरू झाल्यावर नाला उतरण्याची वाट पाहत रात्र गेली. पत्नी वाचली, बाळ वाचले नाही. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर असते, तिथे तारखेच्या आधीपासून राहता येते. तुमच्याकडे ते नसेल तर केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे आठ-दहा दिवस आधी जा. 102 ची गाडी नेण्या-आणण्यासाठी मोफत आहे, पण तीही पुरातून येऊ शकत नाही.

उत्तर (वर्धा)
सुईणआजींना दूर सारू नका. प्रसूतीच्या वेळी ओळखीची बाई जवळ असावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्यांनाच सोबत न्या; पाठ चोळणारा त्यांचा हात वहिनींना तिथेही लागेल.

प्रश्नकर्ती
आईला सारे वाचून दाखवले. सुईणआजी सोबत येणार म्हटल्यावर ती तयार झाली, आणि आत्याचे घर केंद्रापासून जवळच आहे. वहिनीचे हिमोग्लोबिन मात्र 8.6 आले आहे.

उत्तर (निवृत्त आरोग्यसेविका)
हा मध्यम रक्तक्षय आहे, आणि अशा बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. लोहाच्या रोज दोन गोळ्या लागतील. त्या चहासोबत घेऊ नयेत. नर्सबाईंना आकडा उद्याच दाखवा आणि महिन्याने पुन्हा तपासणी करा. तेव्हाही तो वाढला नसेल तर शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, कारण श्रावणापर्यंत हाती फार दिवस नाहीत.