चर्चा: विद्यापीठातल्या नोकरदाराने राजकारणात पडावं की नाही?

धरमपेठकर
माझा एक मित्र विदर्भातल्या एका विद्यापीठात शिक्षकेतर कर्मचारी आहे. निवडणुकीच्या धामधुमीत रविवारी प्रभागातल्या एका सभेला गेला आणि फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला. सोमवारी कारणे दाखवा नोटीस हातात. 'आपले वर्तन पदास अशोभनीय आहे, खुलासा सादर करावा.' कुठल्या नियमाचा भंग झाला, याचा त्यात उल्लेखच नाही!

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ मधला नियम ५ राजकारण आणि निवडणुकीबद्दल आहे, पण तो शासकीय कर्मचाऱ्यांसाठी. विद्यापीठं स्वायत्त आहेत, शिक्षकेतरांसाठी १९८४ ची वेगळी प्रमाण संहिता, म्हणजे सेवाशर्तींचे नियम, आहे. नोटीस काढणाऱ्याने निदान कलम तरी लिहावं.

माझं मत सरळ आहे. बंधन पगार पाहून घालू नका, खुर्ची पाहून घाला. पेपर, निकाल, प्रवेश, खरेदी ज्यांच्या हातात आहे त्यांच्यावर कडक नियम हवेत. ग्रंथालयातला परिचर किंवा माळी सुटीच्या दिवशी कोणाचा झेंडा धरतो, याच्याशी कुलसचिवांना काय करायचं आहे?

निवृत्त_अधीक्षक
आपल्या लोकांची ही जुनी सवय. सातवा वेतन आयोग मागताना आम्ही शासनाचे, आणि बंधन आलं की लगेच स्वायत्त! पगाराचं अनुदान कोणाच्या तिजोरीतून येतं?

शिवाय लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १५९ वाचा. निवडणुकीच्या कामाला माणसं द्यायला बांधील असलेल्यांत विद्यापीठंही आहेत. रविवारी ज्याचा फोटो सभेत, तोच पुढच्या आठवड्यात मतदान केंद्रावर बोटाला शाई लावणार. समोरच्या पक्षाच्या पोलिंग एजंटने विश्वास कसा ठेवायचा?

(नोटिशीबद्दल: खुलाशात भाषणबाजी नको. नियमाची प्रत लेखी मागा आणि आवक क्रमांक घ्या.)

धरमपेठकर
साहेब, त्याच कायद्याचं कलम १२९ पण बघा की. निवडणुकीच्या कामावर नेमलेल्याने कोणत्याही उमेदवाराचं काम करायचं नाही, मतदारावर वजन टाकायचं नाही. म्हणजे कायद्यालाही हातातलं काम बघूनच बंधन घालता येतं. त्यासाठी माणसाला वर्षभर मुका करायची गरज पडली नाही.

अमरावती_रोड
दोघंही कायद्याची पानं उलटताय, पण आपल्याकडची गंमत सोडून देताय. संविधानाच्या अनुच्छेद १७१ ने विधान परिषदेत शिक्षकांचे आणि पदवीधरांचे मतदारसंघ ठेवलेत. नागपूरलाही दोन्ही आहेत. शिवाय २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने अधिसभेच्या (सिनेटच्या) निवडणुका आहेतच, आणि तिथली पॅनेलं कोणाकोणाच्या जवळची असतात हे महाराजबागेत फिरायला येणाराही सांगेल. राजकारणाला दार करून दिलं आणि वर पाटी लावली, 'प्रवेश बंद'.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. केंद्राने ९ जुलै २०२४ ला आपल्या कर्मचाऱ्यांवरची राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यक्रमांत जाण्याची जुनी बंदी उठवली. संघाचं स्मृतिमंदिर असलेलं रेशीमबाग नागपुरातच असल्याने तेव्हा इथे चर्चा तर होणारच होती. मोकळीक दिली, चांगलं केलं. पण मग २०२५ च्या जुलैमध्ये राज्याने समाजमाध्यमांबद्दल आदेश काढला, त्यात शासनाच्या धोरणावर टीका करायची नाही म्हणून बजावलं. मोकळीक द्यायची तर सगळ्यांना द्या.

निवृत्त_अधीक्षक
पहिला आदेश केंद्राच्या नोकरांसाठी, दुसरा राज्याचा. भेसळ करू नका.

अमरावती_रोड
आदेश वेगळे, मान्य. पण त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये सरकारी नोकराच्या बाबतीतच सांगितलं की सभेला हजर राहणं म्हणजे राजकारणात भाग घेणं नव्हे. तिथे तर थेट सरकारी नोकर होता. विद्यापीठवाल्याला त्याहून कमी का?

तासिका_तत्त्व
मी बोलू का? गेली काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. मला सेवापुस्तिका नाही, रजा नाही, उन्हाळ्यात मानधन नाही. तरी विभागप्रमुखांनी ग्रुपवर टाकलेल्या नेत्याच्या वाढदिवसाच्या पोस्टला अंगठा दिला नाही, तर पुढच्या सत्रात तास कमी होतील ही धास्ती असते. नियम आम्हाला लागू आहे की नाही, कोणी सांगत नाही. आणि नियमाने मला राजकारण करण्यापासून अडवायची गरजच नाही. मला बळजबरीच्या राजकारणापासून वाचवा. वरिष्ठाने हाताखालच्याला प्रचाराला जुंपलं तर काय शिक्षा, हे कोणत्या नोटिशीत वाचलंय कोणी?

निवृत्त_अधीक्षक
ताई, म्हणूनच सरसकट बंदी हवी. वरिष्ठालाही, तुम्हालाही.

तासिका_तत्त्व
सरसकट बंदीत पकडलं कोण जातं, ते तुम्ही नोकरीत असताना पाहिलंच असेल.

मानेवाडा_कट्टा
भाऊ, तुमची ती खुर्चीची गोष्ट मले पटली, पण अर्धीच. माह्या पुतणीच्या मार्कशीटवर आईचं नाव चुकलं होतं. खिडकीवरच्या बाबूच्या मोबाईलवर नेत्यासोबतचा फोटो, मागं कपाटावर त्याच पक्षाचं कॅलेंडर. हिच्या गळ्यात दुसऱ्या रंगाचा दुपट्टा, रॅलीतून थेट आलेली. बाबूनं काही म्हटलं नाई. नुसतं, 'पंधरा दिवसांनी या.' आता पंधरा दिवस खरंच लागतात का दुपट्ट्यामुळं लागले, हे तुमी कसं सिद्ध करसान? तो तं साधा कारकून आहे, पेपर काढत नाई का खरेदी करत नाई.

धरमपेठकर
रास्त आहे. विद्यार्थ्यांशी रोज गाठ पडणाऱ्या खिडकीवर पक्षाची कुठलीही खूण नको, हे माझ्या यादीत घालतो. आणि तक्रार आली तर तिथून बदली.

मानेवाडा_कट्टा
बदली कोण करते भाऊ? त्या फोटोत नेत्याच्या उजव्या हाताले जो साहेब उभा आहे ना, तोच.