वाघोलीच्या खाणीतला निळा खडा आणि मलांजखंडचे तांबे

प्रश्न (विद्यार्थी, पुणे): वाघोलीच्या दगडखाणीत बेसाल्टच्या (लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाच्या) पोकळीत गडद निळ्या स्फटिकांचे झुबके दिसले. ही तांब्याची खूण मानावी काय? मध्य प्रदेशातील मलांजखंडसारखा तांब्याचा साठा आपल्याकडे का सापडत नाही?

उत्तर १: तो बहुधा कॅव्हान्साइट, म्हणजे व्हॅनेडियम या धातूचे निळे खनिज, असावा, त्याचा निळा रंग व्हॅनेडियममुळे येतो, तांब्यामुळे नव्हे. शेजारी पांढरा स्टिल्बाइट, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत आढळणारे एक खनिज, असेल तर ही शक्यता आणखी वाढते. तांब्याचा हिरवा मॅलाकाइट सहसा भेगांवर चिकटलेल्या पापुद्र्यासारखा दिसतो.

उत्तर २: दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले मलांजखंड मात्र सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटात आहे. तेथे उष्ण द्रव भेगांतून वर चढताना क्वार्ट्झ साचले आणि त्याच्याबरोबर चाल्कोपायराइट, म्हणजे तांबे, लोह व गंधक यांचे पितळी चमकीचे खनिज, स्थिरावले. त्याला पोर्फिरी प्रकारात (आग्नेय खडकात व त्याभोवती विखुरलेल्या तांब्याच्या साठ्यांत) बसवायचे की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझा कल ‘बसवावे’ याकडे आहे.

उत्तर ३: शोधाच्या इतिहासाची थोडी भर घालतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९६९ च्या सुमारास मलांजखंडला पद्धतशीर अन्वेषण हाती घेतले आणि हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीची उघडी खाण १९८२ मध्ये कार्यान्वित झाली. खोल भागातील धातुकासाठी (तांबे असलेल्या दगडासाठी) आता भूमिगत खोदकाम चालते. महाराष्ट्रात तांबे शोधायचेच असेल, तर पुण्याऐवजी चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासनाकडे पाहावे.