मदत हवी आहे : फिल्टर कॉफीसाठी दाणे कोणते घ्यावेत आणि बोअरच्या पाण्याचे काय करावे?

नमस्कार. आम्ही वर्धा जिल्ह्यात आर्वीजवळच्या खेड्यात राहतो. गावच्या किराणा दुकानात झटपट कॉफीच्या पुड्यांपलीकडे काही मिळत नसल्यामुळे मी चिकमगळूरचे मध्यम भाजलेले अरेबिका जातीचे दाणे कुरिअरने मागवतो, हातचक्कीवर दळतो आणि स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरमध्ये कॉफी करतो. सुवास उत्तम येतो. परंतु पाणी भराभर खाली उतरते आणि म्हशीचे दाट दूध घातले की त्या पातळ अर्काची चव पार हरवून जाते. पूड आणखी बारीक दळावी, की कडवट व दाट अशा रोबस्टा जातीची कॉफी थोडी मिसळावी? चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) मात्र घरात कोणालाच आवडत नाही.

खरी शंका पाण्याची आहे. आमच्या बोअरचे पाणी इतके जड आहे की किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो, आणि अशा पाण्यातील क्षार कॉफीतील आंबटपणा मारून टाकतात असे म्हणतात. आरओचे पाणी निम्मे मिसळल्यास फरक पडेल का?

उन्हाळ्यात येथे पारा 45 अंशांपर्यंत जातो. तेव्हा दाणे फ्रीजमध्ये ठेवावेत, की दमटपणा धरण्यापेक्षा हवाबंद डब्यात माठाजवळच्या थंड कोपऱ्यात ठेवणे बरे?

शिवाय आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते. तेथील ताजे भाजलेले दाणे घरपोच मिळण्याची सोय कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.