मदत हवी आहे: आयसी-७३०० वर सीआय-व्ही कमांडला नको त्या जागी एफए येतं

तारयंत्र
नमस्कार मंडळी. आयकॉमचा आयसी-७३०० हा हॅम रेडिओ संच (रिग) सीआय-व्ही या आयकॉमच्या सिरीयल नियंत्रण पद्धतीने पायथनमधून चालवायचा आहे. मागच्या रिमोट जॅकला ३.५ मिमी मोनो प्लग, पुढे यूएसबी-टीटीएल अडॅप्टर. टीएक्समध्ये (पाठवणारी तार) शॉटकी डायोड घालून तो आरएक्सशी (घेणारी तार) जोडला आहे. १९२०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. रिगचा पत्ता हेक्समध्ये ९४, पीसीचा ई०. दर फेरीला या तीन कमांड जातात:

एफई एफई ९४ ई० ०५ ०० ०० १० ०७ ०० एफडी (७.१०० मेगाहर्ट्झ)
एफई एफई ९४ ई० ०६ ०० ०१ एफडी (एलएसबी मोड, फिल्टर १)
एफई एफई ९४ ई० १४ ०ए ५० एफडी (पॉवर ५० टक्के)

प्रत्येक कमांडनंतर पहिली फ्रेम (एफई एफई ते एफडी हा बाइटांचा संच) इको, म्हणजे तारेवरून परत आलेली माझीच कमांड, म्हणून टाकून देतो आणि दुसरी उत्तर म्हणून घेतो. पहिल्या दोन कमांडना एफबी (स्वीकार) मिळतं, पॉवरला एफए (नकार). डायल थोडा फिरवला की मात्र सगळं बिघडतं. कधी उत्तर म्हणून माझीच कमांड परत मिळते, तर कधी पॉवरला एफबी आणि पुढच्या फेरीत फ्रिक्वेन्सीला एफए. अडॅप्टर आणि वायर बदलून पाहिली, फरक नाही.

हेक्सवाचक
आधी पॉवरचं. १४ ०ए ला टक्के चालत नाहीत. मोजपट्टी ०००० ते ०२५५ अशी आहे, आणि आकडा बीसीडीमध्ये (दर दशमान अंकाला चार बिट) दोन बाइटांत जातो. निम्मी पॉवर म्हणजे १२८, तेव्हा फ्रेम अशी हवी:

एफई एफई ९४ ई० १४ ०ए ०१ २८ एफडी

तुम्ही एकच बाइट पाठवता, म्हणून एफए. इथे मोठा बाइट आधी येतो. फ्रिक्वेन्सीत उलट, लहान आधी. दोन्हीकडे एकच फंक्शन वापरलंत तर हमखास फसाल. डेटा न देता नुसतं १४ ०ए पाठवलं की सध्याची किंमत परत मिळते, ती ०१ २८ आहे का ते पाहा.

एफए कारण सांगत नाही. कमांड अनोळखी, डेटाची लांबी चुकीची, आकडा मर्यादेबाहेर, सगळ्याला उत्तर एकच. तरी त्यातून एक गोष्ट पक्की कळते: फ्रेम रिगपर्यंत धड पोचली. म्हणून एफए दिसल्यावर वायर आणि अडॅप्टरच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कमांडचा तक्ता उघडा. काहीच उत्तर नसेल तेव्हा पत्ता, बॉड रेट, शेवटचा एफडी आणि जोडणी तपासा. रिगचा बॉड रेट ‘ऑटो’वर असेल तर तो १९२०० वर पक्का करून टाका.

बसगाडी
सरकणाऱ्या एफएचा दोष तुमच्या फ्रेम मोजण्यात आहे. सीआय-व्ही ट्रान्सीव्ह चालू असलं की डायल फिरवताच रिग आपणहून अशी फ्रेम सोडतो:

एफई एफई ०० ९४ ०० … एफडी

‘पहिली टाक, दुसरी घे’ या हिशोबात अशी एक आगंतुक फ्रेम घुसली की पुढे प्रत्येक वेळी इकोच हाती लागतो. दोन घुसल्या की आधीच्या कमांडचं उत्तर पुढच्या कमांडला चिकटतं. मग पॉवरचा नकार पुढच्या फेरीतल्या फ्रिक्वेन्सीच्या नावावर पडणारच.

सेट > कनेक्टर्स > सीआय-व्ही मध्ये ट्रान्सीव्ह बंद केलंत तर लक्षण जाईल, पण कोड कच्चाच राहील. फ्रेम मोजू नका, ओळखा. एफई एफई सापडलं की एफडीपर्यंत वाचा. बीसीडी डेटात एफडी येऊच शकत नाही. मग एफई एफईनंतरचे दोन बाइट पाहा. ९४ ई० असेल तर तो तुमचा इको, ०० ९४ असेल तर डायलची खबर, ई० ९४ असेल तरच उत्तर. ‘सेट’ कमांडनंतर एफबी किंवा एफएची वाट पाहा. ‘वाचा’ कमांडला एफबी येत नाही, तोच कमांड क्रमांक डेटासह परत येतो: ०३ विचारलं की ०३ आणि पाच बाइट.

इको फेकूनही देऊ नका, पाठवलेल्याशी ताडून बघा. तार एकच असल्यामुळे दोघे एकदम बोलले की बाइट बिघडतात. इको जुळला नाही किंवा एफसी दिसलं तर टक्कर झाली समजा, थोडं थांबून पुन्हा पाठवा. १९२०० ला ११ बाइटांची फ्रेम जेमतेम ६ मिलिसेकंद घेते, तेव्हा २०० मिलिसेकंदांचा टाइमआउट भरपूर झाला.

तारयंत्र
पत्त्यांवरून फ्रेम ओळखायला लावली आणि पॉवरला ०१ २८ दिलं. आता डायल फिरवत असतानाही तिन्हींना एफबी येतं. मनापासून धन्यवाद! हाच कोड रिगच्या यूएसबीवर चालेल का?

हेक्सवाचक
चालेल. तिथे ‘सीआय-व्ही यूएसबी इको बॅक’ बंद असेल तर इको येणारच नाही, त्यामुळे तो सक्तीचा धरू नका. इकोची ताडणी फक्त रिमोट जॅकसाठी ठेवा. आणि पोर्ट उघडण्याआधी ‘यूएसबी सेंड’ ऑफ आहे का ते नक्की पाहा. पायसिरीयल ही पायथन लायब्ररी पोर्ट उघडताना आरटीएस आणि डीटीआर या दोन्ही नियंत्रण लाइन वर करते. त्यातली एखादी लाइन सेंडला दिलेली असेल तर रिग थेट ट्रान्समिटला जाईल. पहिल्या चाचणीला अँटेनाऐवजी डमी लोड लावलेला बरा.

पडताळा हवा असेल तर हॅमलिब या रिग चालवणाऱ्या लायब्ररीचं रिगसीटीएलडी मॉडेल ३०७३ देऊन चालवा. त्यात आरपीआरटी ० म्हणजे ठीक, -९ म्हणजे रिगने नाकारलं, -५ म्हणजे वेळेत उत्तर नाही. तुमचा प्रोग्राम त्या वेळी बंद ठेवा, पोर्ट एकाच वेळी दोघांनी वापरून चालणार नाही.