मदत हवी आहे: ज्यूरीला दिलेली सूचना चुकली, तज्ज्ञाची साक्षही नाकारली, अपिलात आधी काय मांडू?

नमस्कार मंडळी,

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मूट कोर्टची (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्याची) केस अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली आहे आणि मी आरोपी बाईच्या बाजूने उभी आहे. नवऱ्याच्या खुनाबद्दल शिक्षा झालीय, बचाव स्वसंरक्षणाचा.

स्टेट विरुद्ध वॉनरो (१९७७) वाचली. बाई पाच फूट चार इंच, पाय प्लास्टरमध्ये, कुबडी घेऊन चालणारी. समोर सहा फूट दोन इंचांचा, दारू प्यायलेला माणूस. जजसाहेबांनी ज्यूरीला सांगितलं, गोळी झाडताना किंवा त्याच्या लगेच आधी जे घडलं तेवढंच बघा. अपिलात ही सूचना चूक ठरली, कारण त्या माणसाबद्दल तिला आधीपासून जे ठाऊक होतं तेही बघायला हवं होतं. शिक्षा रद्द झाली. पण तिच्या आदिवासी संस्कृतीवर बोलणारा तज्ज्ञ नाकारला होता, त्यात मात्र कोर्टाला काही वावगं दिसलं नाही!

मग त्याच कोर्टाची १९८४ ची ॲलरी. वर्षानुवर्षं मारहाण, घटस्फोटाची कागदपत्रं नवऱ्याला मिळालेली, आणि गोळी लागली तेव्हा तो कोचावर आडवा. इथे सूचनाही चुकली आणि मार खाणाऱ्या बायकांच्या मनःस्थितीवर बोलणाऱ्या तज्ज्ञाची साक्षही घ्यायला हवी होती, असा निकाल. एवढा मार खाऊन बाई घर का सोडत नाही, पोलिसांत का जात नाही, हे सामान्य ज्यूररला आपलं आपण उमगत नाही, हे कोर्टाला पटलं.

माझा कल सूचनेपासून सुरुवात करण्याकडे आहे. तो निव्वळ कायद्याचा प्रश्न, अपील कोर्ट नव्याने तपासतं. साक्ष घेणं न घेणं ही जजची मर्जी, तिथे समोरची बाजू मला घेरणार. शिवाय बाईच्या नजरेने बघायचं हे एकदा मान्य झालं, की तज्ज्ञ हवाच असं म्हणता येईल. बरोबर ना?

खरी गोची पुढे आहे. आमच्या केसमध्ये वकिलाने सूचनेवर हरकतच घेतलेली नाही. मूलभूत हक्काला धक्का देणारी उघड चूक असेल तर मुद्दा अपिलात पहिल्यांदा काढता येतो, पण तिथलीच ओ'हारा केस (२००९) म्हणते की स्वसंरक्षणाच्या सूचनेतली प्रत्येक चूक आपोआप त्यात बसत नाही. मग इथे काय करायचं? तज्ज्ञाचा मुद्दाच पुढे आणू का?

(सर म्हणतात आपला नानावटी खून खटला टाक. तिथे तर जजच्या चुकीच्या सूचनांवर बोट ठेवून आठ विरुद्ध एक असा सुटकेचा कौल फिरवला होता. तो मला कसा तारणार?)

लेखी निवेदन शुक्रवारी द्यायचंय. तिकडे प्रॅक्टिस करणारं कुणी असेल तर प्लीज लिहा.