एओलियन बेटांभोवती शिडाच्या बोटीने एक आठवडा: मार्ग कसा आखावा?

मावळवासी

नमस्कार. येत्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण इटलीतील सिसिली बेटाच्या उत्तरेकडील एओलियन बेटांभोवती शिडाच्या बोटीने फिरण्याचा बेत करीत आहोत. आम्ही दोघांनी मुंबई बंदरात लहान शिडाच्या बोटी चालवण्याचे रीतसर शिक्षण घेतले असून गेली चार वर्षे पावसाळा संपला की आम्ही नियमाने पाण्यावर असतो. इतरांना हा अनुभव नाही; माझे वडील ६८ वर्षांचे आहेत आणि मांडव्याच्या लाँचपलीकडे त्यांचा समुद्राशी संबंध आलेला नाही.

कागदावर आखलेला मार्ग असा आहे: शनिवारी सिसिलीच्या किनाऱ्यावरील मिलाझ्झो बंदरातून निघून वुल्कानो, रविवारी लिपारी, सोमवारी सालिना, मंगळवारी फिलिकुदी, बुधवारी अलिकुदी, गुरुवारी पानारेआ, शुक्रवारी रात्री स्त्रोम्बोलीचा उद्रेक पाहायचा आणि शनिवारी सकाळी परत. सातही बेटे सात दिवसांत बसतात, म्हणून हा क्रम मोहात पाडतो. तो व्यवहार्य आहे का, स्थानिक कप्तान घ्यावा का, आणि स्त्रोम्बोलीवर चढून जाणे वडिलांना झेपेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

नांगरगाठ

मी या बेटांमध्ये दोनदा बोट घेऊन गेलो आहे, एकदा जूनमध्ये आणि एकदा सप्टेंबरच्या अखेरीस. तुमच्या वेळापत्रकातली पहिली अडचण नकाशात दिसणार नाही, ती करारपत्रात आहे. शनिवार ते शनिवार भाड्याने घेतलेली बोट साधारणपणे शनिवारी दुपारनंतर ताब्यात मिळते. सामानाची यादी पडताळणे, इंजिन आणि शिडे समजून घेणे, पाणी आणि वाणसामान भरणे यांतच संध्याकाळ होते. दुसऱ्या टोकाला बहुतेक कंपन्या बोट शुक्रवारी संध्याकाळीच डिझेल भरून मूळ बंदरात उभी करायला सांगतात. भाडे सात दिवसांचे असले तरी समुद्रावरचे दिवस सहाच मिळतात आणि त्यातला सहावा परतीच्या वाटेवर जातो. सर्वांत दूरचे स्त्रोम्बोली शुक्रवारी रात्री ठेवणे त्यामुळे बाद होते.

अंतरे तशी मोठी नाहीत. मिलाझ्झोहून वुल्कानो सुमारे सोळा सागरी मैल, पानारेआहून स्त्रोम्बोली अकरा-बारा, आणि लिपारी व वुल्कानो यांच्यामधली सामुद्रधुनी तर एक किलोमीटरही रुंद नाही. ताशी पाच मैलांचा वेग धरला तरी यातला कोणताही टप्पा दुपारच्या जेवणाआधी संपतो. खरी कसोटी रात्रीच्या मुक्कामाची आहे. आपल्या कोकणात वारा फिरला तर जयगडच्या किंवा दाभोळच्या खाडीत शिरून निवांत पडून राहता येते. येथे खाड्या नाहीत. ही बेटे समुद्रतळापासून वर आलेल्या ज्वालामुखींची टोके आहेत. स्त्रोम्बोली पाण्यावर ९२४ मीटर दिसतो, पण त्याच्या दुप्पट डोंगर पाण्याखाली आहे. तो उतार किनाऱ्याशी थांबत नाही. बोटीच्या नाकाखाली पाच मीटर पाणी असते आणि मागच्या टोकाखाली पंधरा. अशा उतारावर टाकलेला नांगर वारा समुद्राकडून आला तर धरून राहतो, पण जमिनीकडून जोर आला की खोल पाण्याकडे घसरत सुटतो.

पहिल्या सफरीत आम्ही स्त्रोम्बोली गावासमोर काळ्या वाळूवर नांगर टाकून राहिलो होतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी डोंगरामागचे आकाश लाल होई, काही क्षणांनी मोठा ट्रक दुरून रिकामा व्हावा तसा आवाज येई, आणि आम्ही सगळे डेकवर पांघरुणे घेऊन बसलो होतो. रात्री एकच्या सुमारास वारा पडला, दुसऱ्या बाजूची लाट आली आणि बोट कुशीवर लोळू लागली. कपाटातली थाळ्यांची चळत खाली आली. दोनला पाहिले तेव्हा किनाऱ्यावरचा जो दिवा आम्ही खूण म्हणून धरला होता, तो डोलकाठीच्या डावीकडून उजवीकडे गेला होता, म्हणजे नांगर घसरत होता. उरलेली रात्र आम्ही इंजिन चालू ठेवून काढली आणि उजाडताच पानारेआकडे निघालो. सकाळी डेकवर काळ्या कचीचा पातळ थर होता, पाय ठेवला की काचेच्या भुग्यासारखा टोचणारा.

म्हणून माझा सल्ला असा, की बेटांचा क्रम आधी ठरवू नये. स्त्रोम्बोलीसाठी शांत हवामानाची एक रात्र लागते. ती रविवारी मिळत असेल तर रविवारीच जावे आणि बाकीचा आठवडा परतीच्या दिशेने खर्च करावा. वायव्येकडून येणारा माएस्त्राले जोरात असेल तर बेटांच्या आग्नेय बाजूला आडोसा मिळतो, आणि शिरोक्को आग्नेयेकडून आला की हेच आडोशाचे किनारे उघडे पडतात. वुल्कानोला पूर्वेकडे पोर्तो दि लेवान्ते आणि पश्चिमेकडे पोर्तो दि पोनेन्ते अशी दोन बंदरे एका चिंचोळ्या पट्टीच्या दोन अंगांना पाठीला पाठ लावून आहेत, त्यामुळे वारा बदलला की चालत जाता येईल इतक्या अंतरावरच्या दुसऱ्या बाजूला बोट न्यावी. होमरच्या काव्यात वाऱ्यांचा राखणदार एओलस ओडिसियसला वारे कोंडलेली कातड्याची पिशवी देतो, आणि या बेटांना नाव त्याच एओलसचे आहे. तेथे दोन रात्री काढल्यावर ही कथा कोणाला सुचली असेल याचे मला नवल वाटेनासे झाले.

उंच बेटाच्या आडोशाला जाताना शीड आधीच कमी करावे. डोंगरावरून खाली कोसळणारे वाऱ्याचे झोत मोकळ्या समुद्रावरच्या वाऱ्यापेक्षा जोरदार असतात आणि त्यांची दिशाही वेगळी असते.

फिलिकुदी आणि अलिकुदी या खेपेस सोडून द्यावीत. ती पश्चिमेला एका रांगेत आहेत आणि स्त्रोम्बोली ईशान्येच्या टोकाला. एका आठवड्यात दोन्ही टोके गाठायची तर रोज सकाळी नांगर उचलण्याखेरीज काही होणार नाही. वारा उत्तम लागला तर सालिनाहून फिलिकुदीची एक फेरी करता येईल. समुद्रातून सरळ वर उठलेला ला कान्ना नावाचा सुमारे सत्तर मीटरचा सुळका पाहण्यासाठी ती सार्थकी लागते.

लाव्हा आणि लाट

मी भूशास्त्र शिकवते, बोटीचे मला फारसे कळत नाही. पण स्त्रोम्बोलीच्या चढाईबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. हा ज्वालामुखी दोन हजार वर्षांहून अधिक काळ जवळजवळ अखंड उडतो आहे. त्याचे रोजचे उद्रेक लहान असतात, कारण पातळ लाव्ह्यातून वर येणारे वायूचे मोठे बुडबुडे विवराच्या तोंडाशी फुटतात आणि तापलेले तुकडे उडवतात. या नियमितपणामुळे माणूस निर्धास्त होतो. मात्र अधूनमधून खोलवरचा वायूभारित लाव्हा एकदम वर येतो, आणि तो स्फोट वेगळ्याच प्रतीचा असतो. ३ जुलै २०१९ रोजी असा स्फोट झाला तेव्हा एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी २८ ऑगस्टला त्याची पुनरावृत्ती झाली. जुलै २०२४ मध्येही तेथे सर्वोच्च पातळीचा इशारा देण्यात आला होता.

२०१९ पासून शिखरावर जाण्याचा प्रश्नच येत नाही. किती उंचीपर्यंत जाता येईल, वाटाड्या सक्तीचा आहे का आणि वाट उघडी आहे का, हे नियम ज्वालामुखीच्या स्थितीनुसार बदलतात. जाण्याच्या आठवड्यात गावातील अधिकृत वाटाड्यांकडे चौकशी करावी आणि तिकिटे चढाईच्या भरवशावर काढू नयेत. वडिलांसाठी तर चढाईपेक्षा समुद्रावरून पाहणेच योग्य. वायव्येकडे शारा देल फुओको नावाची एक मोठी घसरंड आहे. उद्रेकाचे तापलेले दगड त्यावरून गडगडत समुद्रात येतात आणि अंधार पडल्यावर त्यांच्या लाल रेघा बोटीतून स्पष्ट दिसतात. येथेही तटरक्षक दलाने ठरवलेल्या अंतराच्या आत जाऊ नये. ३० डिसेंबर २००२ रोजी याच उतारावरचे कडे कोसळून त्सुनामी आली होती आणि तिने गावातील किनाऱ्यालगतच्या घरांचे नुकसान केले होते. गावात भोंगा वाजला तर नांगराची साखळी गोळा करण्यात वेळ न घालवता, गरज पडल्यास ती सोडून देऊन, खोल पाण्याकडे निघावे, कारण त्सुनामीची लाट उथळ पाण्यातच उंच होते.

वुल्कानोचा शेवटचा उद्रेक १८८८ ते १८९० या काळात झाला, तरी त्याला विझलेला म्हणू नये. २०२१ च्या उत्तरार्धात वायूचे प्रमाण इतके वाढले, की बंदराजवळच्या वस्तीतील लोकांना रात्रीपुरते घराबाहेर राहावे लागले. विवराची कड ३९१ मीटर उंचीवर आहे आणि वाट उघडी असेल तर सकाळी लवकर निघून तासाभरात जाता येते. गंधकाच्या पिवळ्या स्फटिकांनी माखलेल्या भेगांतून वाफ येताना तेथे जवळून दिसते. वाफ येणाऱ्या खोलगट जागी बसून छायाचित्रे काढू नयेत, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तो खालीच साठतो. एक अनुभव सांगते: मी पायांत जोडवी घालून गेले होते, ती संध्याकाळपर्यंत काळी ठिक्कर पडली. चांदीचे दागिने बोटीवर ठेवावेत.

कातानियावासी

कामानिमित्त गेली सहा वर्षे सिसिलीत राहतो. कागदपत्रांचा भाग थोडक्यात लिहितो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि त्यासाठीच्या वैद्यकीय विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते. अर्जासोबत निवासाचा पुरावा म्हणून बोटीचा करार जोडायचा असल्यास त्यात सहाही जणांची नावे पासपोर्टप्रमाणे असल्याची खात्री करा. विमान कातानियाला उतरते आणि तेथून मिलाझ्झो रस्त्याने सुमारे दोन तासांवर आहे. मात्र जवळच्या एटना ज्वालामुखीची राख उडाली की हा विमानतळ बंद होतो, त्यामुळे शनिवारी सकाळी उतरून दुपारी बोट घेण्याऐवजी शुक्रवारीच यावे.

कप्तानाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: घ्यावा. तुमचा भारतीय दाखला कंपनी मान्य करते का, हे लेखी विचारा. मान्य केला तरी मुंबईतल्या लहान बोटीवरून चाळीस फुटी बोटीवर जाणे हा मोठा फरक आहे. विशेषतः येथे बोट उलटी मागे घेत धक्क्याला पाठ लावून बांधतात, शेजारच्या दोन बोटींमध्ये हातभर जागा असते आणि आडवा वारा असतो. कप्तानाला एक स्वतंत्र झोपण्याची जागा द्यावी लागते आणि त्याच्या जेवणाची सोय बोटीवरच्या लोकांनी करायची असते, हे केबिन मोजताना विसरू नका. तो असला तरी सुकाणू तुमच्या हाती राहू शकते. तसे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. हवामानाचे वार्तापत्र बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या ६८ क्रमांकाच्या वाहिनीवर सतत चालू असते, आणि तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५३० आहे.

भरती-ओहोटीचे कोष्टक मात्र घरी ठेवा. मुंबईत पाणी चार-पाच मीटर वर-खाली होते, येथे जेमतेम फूटभर.

मावळवासी

सर्वांचे मनापासून आभार. अलिकुदी आणि फिलिकुदी वगळली आहेत, शुक्रवारी सकाळचे विमान घेत आहोत आणि कप्तान घेणार आहोत. दोन शंका उरल्या. वडिलांना बोट लागली तर त्यांना एखाद्या बेटावर दोन दिवस विश्रांतीसाठी उतरवता येईल का? आणि आम्ही सगळे शाकाहारी आहोत, तर गैरसोय होईल का?

नांगरगाठ

उतरवायचे झाल्यास सालिना निवडावे. सांता मारीना सालिना येथे बंदिस्त धक्का आहे, बेटावर बस चालते, आणि मिलाझ्झोशी जोडणाऱ्या जलद बोटी तेथे थांबतात, त्यामुळे वेळ आली तर ते तुमच्याशिवायही मुख्य किनाऱ्यावर परतू शकतील. जुळ्या सुळक्यांचे हे बेट सर्वांत हिरवे आहे आणि तेथील मोन्ते फोस्सा देल्ले फेल्ची हे ९६२ मीटरचे शिखर द्वीपसमूहात सर्वोच्च आहे. वडील लिंग्वा गावात समुद्राकडे तोंड करून बदामाचा ग्रानिता (बर्फाचा गोड चुरा) खात बसले, तर परत बोटीवर यायला तयार होणार नाहीत, याची कल्पना देऊन ठेवतो. पहिले दोन दिवस मात्र त्यांना डेकवर, क्षितिजाकडे पाहत बसवावे. खालच्या केबिनमध्ये जाऊन आडवे होण्याचा आग्रह करू नये, आणि गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी घ्यावी.

शाकाहाराची अडचण नाही. वांग्याची कापोनाता, वांगे आणि टोमॅटो घातलेला पास्ता, टोमॅटो व केपर घातलेला पाव सगळीकडे मिळतो. केपर म्हणजे सालिनात मिठात मुरवलेल्या कळ्या, त्या आधी धुवून घ्याव्यात. टोमॅटोच्या पदार्थात अँचोवी मासा गुपचूप घालण्याची तेथे सवय आहे, म्हणून प्रत्येक वेळी विचारावे. पिण्याचे पाणी मिलाझ्झोतच भरून घ्यावे आणि टाकीतले पाणी काटकसरीने वापरावे, कारण बेटांवर पाणी दुर्मिळ आहे.

स्त्रोम्बोलीच्या गल्ल्यांत सामान वाहणारी तीनचाकी गाडी दिसली की वडिलांना दाखवा. ती पिआज्जो कंपनीची आपे आहे, आपल्या बारामतीच्या कारखान्यातून निघणाऱ्या गाडीची थोरली बहीण.

आणि सामान कापडी पिशव्यांतच आणा. चाकांच्या कडक बॅगा ठेवायला बोटीत कप्पा नसतो. आमच्या दोन बॅगा आठवडाभर न्हाणीघरात होत्या आणि प्रत्येक वेळी आधी त्या बाहेर काढाव्या लागत होत्या.