विश्व प्रकाशापेक्षा वेगानं पसरतं, हे पोरांना सांगायचं की नाही?

घोडबंदरकर: काल मुलीने विचारलं, बाबा, विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, प्रकाशाहून वेगवान काहीच नाही, मग दिसणारं विश्व चहूबाजूंनी ४६०० कोटी प्रकाशवर्षं कसं? अडकलोच. मग जांभळी नाक्यावरून आणलेलं नाडीचं इलॅस्टिक काढलं, पेनने दोन-दोन सेंटिमीटरवर टिंबं काढली, एक टोक टाचणीने बसवलं नि दुसरं ओढलं. जवळचं टिंब जरासं सरकलं, शेवटचं सर्रकन गेलं. टाचणी म्हणजे आपण. विश्वातही जागाच अशी ताणते, म्हणून दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला ७० किमीच्या आसपास वेग वाढत जातो, म्हणजे १४०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिका (गॅलेक्सी) प्रकाशाहून वेगाने लांब जातायत, आणि त्या आपल्याला कधी दिसणारच नाहीत. शाळेतलं "प्रकाशाहून वेगवान काहीच नाही" हे वाक्य अर्धवट आहे, पूर्ण शिकवा.

नेरुळची ताई: अजिबात नाही पटलं. मी क्लास घेते, हे असं सांगितलं की पोरं पेपरात लिहून येतात आइनस्टाइन चुकला. सेकंदाला तीन लाख किमीची मर्यादा शेजारून जाणाऱ्या गोष्टीला आहे. त्या लांबच्या दीर्घिकेच्या शेजारून गेलेला प्रकाश तिलाही मागे टाकतोच ना? मग त्याला वेग कशाला म्हणता? आणि जागाच ताणते तर ठाणे-वाशी अंतर का वाढत नाही? देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर, ती तर आपल्याकडेच येतेय.

घोडबंदरकर: देवयानी आणि आपण गुरुत्वाकर्षणाने बांधलेले आहोत ताई, आणि ठाणे-वाशी तर एकाच जमिनीवर. पसरणं दिसतं ते त्याहून खूप मोठ्या अंतरांवर. पोरांना कळणार नाही म्हणून लपवायचं हे मला चुकीचं वाटतं.

ऐरोली सेक्टर आठ: काका, "कधी दिसणारच नाहीत" हे मात्र चूक, तशा कितीतरी दीर्घिका आपण आजही बघतो. तुमच्याच इलॅस्टिकवर टाचणीकडे चालणारी मुंगी सोडा. सुरुवातीला ती उलट लांबच जाईल, पण तुम्ही ओढायचा वेग वाढवत नेला नाही तर ती हळूहळू पोचते, कारण टाचणीच्या जितकी जवळ येईल तितकं तिच्या पायाखालचं इलॅस्टिक कमी पळतं. प्रकाशाचंही तसंच झालं. पण १९९८ मध्ये कळलं की पसरण्याचा वेग आता वाढतोय, म्हणून साधारण १६०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडून आज निघालेला प्रकाश मात्र खरंच कधी पोचणार नाही.

नेरुळची ताई: मुंगी आवडली, सोमवारी क्लासमध्ये घेते. पण फळ्यावर "वेग" नाही लिहिणार, "अंतरातली वाढ" असंच लिहीन.